जामीन कोणी राहावें?

तुरुंग कशासाठीं असतो, असें कोणासही विचारलें, तर 'गुन्हेगारांस शासन करण्यासाठीं' असें उत्तर तत्काळ मिळेल. हें उत्तर नीतिशास्त्रांत खरें असेल. आमच्या तुरुंगांत तें खरें नाहीं. सरकारी गणनेप्रमाणें ३१ डिसेंबर २०२२ रोजीं देशांतील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते, व सोय होती ४,३६,२६६ जणांची. या बंद्यांपैकीं ४,३४,३०२ जणांवर गुन्हा शाबीतच झालेला नव्हता! म्हणजे चार कैद्यांमागें तीन कच्चे. आणि या कच्च्या कैद्यांनींच तुरुंगांतील जवळजवळ सर्व जागा भरून गेलेली. मग ज्यांस न्यायाधीशानें शिक्षा सांगितली, त्यांस उद्योग व शिक्षण देऊन त्यांचें मन पालटावयाचें तें कोठें? जेथें कूस बदलावयास जागा नाहीं, तेथें स्वभाव कसा बदलावा?

हे कच्चे कैदी सर्वच भयंकर असतात, असें नाहीं. पुष्कळांचा खरा अपराध दारिद्र्य हाच होय. जामिनाचा हुकूम होतो, परंतु पोटासाठीं परगांवाहून आलेल्या मजुरास जामीनदार मिळत नाहीं. १९७९ सालीं हुसैनआरा खातून प्रकरणांत, गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांची दशा सर्वोच्च न्यायालयापुढें आली, व गरिबांस जातमुचलक्यावर सोडावें असें न्यायालयानें सांगितलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचें ४७९ वें कलम त्याच मार्गाचें आहे. फांशी वा जन्मठेपेचा आरोप नसेल, दुसरा खटला चालू नसेल व आरोपी प्रथमच सांपडला असेल, तर कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ भरतांच त्यास मुचलक्यावर सोडावें, आणि त्यासाठीं तुरुंगाच्या अधीक्षकानेंच न्यायालयास लिहावें, असें तें सांगतें. कायदा चांगला आहे. परंतु एकतृतीयांश शिक्षा निकालापूर्वींच भोगून झाली, ती निर्दोष ठरलेल्यास कोण परत देणार?

'असे लोक मोकळे सोडले, तर पळून जातील' हा आक्षेप नेहमींचाच. त्यास उत्तर आटपाडीजवळ आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेनें १९३९ सालीं तेथें स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापिली. शिक्षा झालेल्या कैद्यांस उंच भिंतींवांचून, बायकामुलांसह, शेती करूं देण्याचा तो प्रयोग आजही चालू आहे. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या 'दो आंखें बारह हाथ' या बोलपटास त्याचाच आधार. ज्यांचा गुन्हा शाबीत झाला त्यांवर विश्वास टाकतां येतो, तर ज्यांचा झालाच नाहीं त्यांवर कां टाकतां येऊं नये?

येथें आमच्या व्यापारी वाचकांचा संबंध येतो. कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर यांस १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या खटल्यांत त्यांस दहा हजार रुपयांचा जामीन राहिले ते जोतीराव फुल्यांचे स्नेही रामशेठ उरवणे, म्हणजे पुण्याचे एक व्यापारीच, हें किती जणांस ठाऊक आहे? अनोळखी माणसासाठीं आपली मालमत्ता पणास लावा, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वर्षानुवर्षें आपल्या वखारींत ओझीं वाहणारा हमाल, पेढीवरील गडी, दुकानांतील नोकर किरकोळ आरोपांत सांपडला, तर आपण त्याची ओळख विसरतों. आणि तो निर्दोष सुटून आला, तरी त्याची जागा दुसऱ्यास दिलेली असते. मग तो पुन्हां वाकड्या वाटेस लागला, तर दोष एकट्या तुरुंगाचा कसा? ज्याच्या घामावर आपण पैसा मिळविला, त्याच्यासाठीं न्यायालयांत एक सही करणें व परतल्यावर त्यास पुन्हां कामावर घेणें, हा उपकार नव्हे. हें देणें आहे, आणि तें फेडण्यास सरकारच्या हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.