अंधेरीच्या स्टँडमधला समाज

प्रति,
बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठान

अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलातील फुटबॉल मैदान मुंबईकरांचे आहे. 2016 पासून मुंबई सिटी एफसी हा क्लब तिथे खेळू लागला. त्याच्या कट्टर समर्थकांचा गट म्हणजे 'वेस्ट कोस्ट ब्रिगेड'.

कोलकात्यात समर्थकांची ओळख वारशाने मिळते. 1920 मध्ये स्थापन झालेला ईस्ट बंगाल फाळणीनंतर निर्वासितांचा क्लब ठरला. म्हणूनच जानेवारी 2020 मध्ये त्याच्या समर्थकांनी नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध स्टँडमध्ये फलक उभारला, तेव्हा तो घराघरातला जुना सल होता. 18 ऑगस्ट 2024 रोजी तर आर. जी. कर रुग्णालयात बलात्कार व खून झालेल्या डॉक्टर तरुणीला न्याय मिळावा म्हणून ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मडन स्पोर्टिंगचे समर्थक एकत्र रस्त्यावर उतरले. सुरक्षेचे कारण देऊन त्या दिवशीचा ईस्ट बंगाल-मोहन बागान सामना आधीच रद्द झाला होता. पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर बाजूला ठेवणारी ही कृती भारतीय फुटबॉलमधील फार मोठी घटना आहे.

मुंबई सिटीला असा वारसा नाही. क्लबचा जन्म 2014 चा. इथली ओळख जात, प्रांत वा भाषेवरून आलेली नाही. शेजारी उभे राहून ती घडते. मालकी मात्र बदलत राहते: सिटी फुटबॉल ग्रुपने 2019 मध्ये 65 टक्के हिस्सा घेतला आणि डिसेंबर 2025 मध्ये तो सोडला. समर्थक तिथेच आहेत. त्यांच्या हाकेला काय वजन असते, हे याच मैदानाने पाहिले आहे. 1 जून 2018 रोजी चिनी तैपेईविरुद्ध भारताचा खेळ पाहायला अवघे 2,569 प्रेक्षक होते. कर्णधार सुनील छेत्रीने व्हिडिओतून आवाहन केले, 'ब्लू पिल्ग्रिम्स'सारख्या समर्थक गटांनी ते उचलून धरले आणि 4 जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली.

या आवाजाला मर्यादाही आहे: फिफाचे नियम मैदानात राजकीय संदेशांना मनाई करतात. पक्षप्रचार आणि द्वेष रोखण्यापुरती ती रास्तच आहे. पण फुटबॉल महासंघाला जाब विचारणे, तिकीटदराविरुद्ध बोलणे, अन्यायग्रस्तासाठी शांतपणे फलक धरणे हा नागरिकाचा आवाज आहे. प्रतिष्ठानने मैदान देताना ही सीमारेषा लेखी ठरवावी. ढोल, झेंडे आणि फलक यांचे नियम मराठीत प्रवेशद्वारावर लावावेत आणि ते ठरवण्याआधी समर्थक गटांना चर्चेला बोलवावे.