टूंडा बंदर आणि टक्केवारीचा हिशेब

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या आग्नेयेला, रेडलँड महापालिकेच्या हद्दीत क्लीव्हलँड नावाचे किनाऱ्यालगतचे उपनगर आहे. तिथले टूंडा हार्बर हे फेरीबोटींचे छोटे बंदर. समोरच्या मिंजेरिबा, म्हणजे नॉर्थ स्ट्रॅडब्रोक, बेटाकडे जाणारी माणसे आणि गाड्या इथूनच सुटतात. बंदराबाहेर मोर्टन उपसागर पसरला आहे. किनाऱ्याजवळ तो इतका उथळ आहे की ओहोटीला दूरवर नुसता चिखल उघडा पडतो. पर्यटकाला त्या चिखलात पाहण्यासारखे काही दिसत नाही. त्याच्या कडेने कांदळवने, पुढे समुद्री गवताची कुरणे, आणि त्या गवतावर जगणारे डुगाँग व कासवे असा हा सगळा परिसर आहे. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये झालेल्या रामसर कराराखाली मोर्टन उपसागराची नोंद १९९३ मध्ये झाली. नोंदलेले क्षेत्र सुमारे १ लाख १३ हजार हेक्टर आहे.

या चिखलाचा सर्वांत नामांकित पाहुणा म्हणजे ईस्टर्न कर्ल्यू. किनारपक्ष्यांमध्ये जगातला सर्वांत मोठा. खाली वाकलेली त्याची चोच पंधरा ते वीस सेंटिमीटरपर्यंत भरते आणि मादीची नरापेक्षा लांब असते. ही चोच तो मुळापर्यंत चिखलात खुपसतो आणि बिळातला खेकडा अंदाजाने पकडून बाहेर ओढतो. त्याची वीण होते रशियाच्या पूर्व भागात आणि ईशान्य चीनमध्ये; उत्तरेत थंडी सुरू झाली की तो सुमारे दहा हजार किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियात येतो आणि मार्चच्या सुमारास परत निघतो. बदकासारखे पाण्यावर उतरून विसावणे त्याला जमत नाही. त्यामुळे परतीच्या प्रवासाची सगळी शिदोरी चरबीच्या रूपाने अंगावर साठवूनच निघावे लागते. वाटेत पीत समुद्राच्या काठी थांबायची सोय होती, पण चीन आणि दक्षिण कोरियाने तिथले चिखलपट्टे भराव घालून मोठ्या प्रमाणात गिळले आहेत. गेल्या तीन दशकांत या पक्ष्याची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले.

टूंडाचा वाद समजून घ्यायचा तर भरती-ओहोटीचे गणित आधी समजून घ्यावे लागते. पक्षी चरतात ते ओहोटीत. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि पुढचे काही तास त्यांना कुठेतरी कोरड्यात, कुणी उठवणार नाही अशा जागी थांबावे लागते. ही विसाव्याची जागा चराईच्या जागेजवळच असावी लागते. नाहीतर रोजच्या जाण्यायेण्यातच खाल्लेले खर्ची पडते. टूंडासमोरचे कांदळवनाने भरलेले कॅसिम बेट ही अशीच जागा आहे. त्यातून कर्ल्यू कमालीचा बुजरा. माणूस शंभर मीटरवर दिसला तरी तो उडून जातो. याच गणितावर ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षीही चालतात. २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळालेल्या त्या खाडीत ते ओहोटीला चरतात आणि भरती आली की नेरूळ-सीवूड्सच्या एनआरआय संकुल व टी. एस. चाणक्य परिसरातल्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात. या जागा खाडीतल्या रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. तिथे गोल्फ मैदान आणि घरे बांधण्याची वाट मोकळी करणारा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये रद्द केला. सीमारेषा आखणाऱ्याच्या नकाशात भरतीची वेळ क्वचितच धरलेली असते.

टूंडातला प्रस्ताव साधा बंदरसुधारणेचा नव्हता. जून २०१३ मध्ये क्वीन्सलँडच्या सरकारने रेडलँड महापालिकेच्या मागणीवरून हा परिसर प्राधान्य विकास क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि पुढच्या वर्षी वॉकर कंपनीची विकासक म्हणून निवड झाली. फेरीचा धक्का जुना होता, वाहनतळ अपुरा होता, मिंजेरिबावरचा वाळू-खनिजांचा उद्योग बंद होण्याच्या वाटेवर होता (तो २०१९ अखेर थांबला) आणि बेटाला पर्यटनाचा आधार हवा होता. ही गरज खोटी नव्हती. पण तिच्या पोटात जे शिरले ते असे: सुमारे ३,६०० सदनिका, हॉटेल, दुकाने आणि यॉट लावण्यासाठी सुमारे दोनशे जागांचा मरीना. त्यासाठी खाडीचा तळ उपसायचा, उपसलेला गाळ चिखलपट्ट्यावर टाकून जमीन तयार करायची आणि तिच्यावर इमारती उभारायच्या. धक्क्यासाठी सदनिकांची गरज नव्हती. धक्क्याचा खर्च सदनिकांतून निघणार होता. सार्वजनिक सोय खासगी पैशातून करून घेण्याची ही पद्धत आपल्याकडेही चांगलीच रुळलेली आहे आणि तिच्यात किंमत बहुधा मोकळ्या जागेनेच चुकती होते.

समर्थकांचा मुख्य युक्तिवाद टक्केवारीचा होता. भरावाखाली जाणारे पाणथळ क्षेत्र पन्नासहून थोडे अधिक हेक्टर; एक लाख तेरा हजारांशी तुलना केली तर ते एका टक्क्याचा विसावा भाग ठरते. एवढ्याने उपसागराचे काय बिघडणार? कागदावर हा हिशेब बिनचूक आहे. चूक आहे ती सगळे हेक्टर सारखे धरण्यात. त्या एक लाख तेरा हजार हेक्टरांत खोल पाणीही येते आणि कर्ल्यूला खोल पाण्याचा काही उपयोग नाही. त्याच्या कामाचा आहे तो काठाचा उथळ, खेकड्यांनी भरलेला आणि विसाव्याच्या जागेला लागून असलेला चिखल. तो मुळातच थोडा आहे, आणि विकासकाची नजरही नेमकी काठावरच पडते, कारण समुद्र दाखवून विकायची घरे काठावरच बांधावी लागतात. शिवाय नुकसान भरावापुरते थांबत नाही. वीसेक वर्षे टप्प्याटप्प्याने चालणारे बांधकाम, मग होड्यांची वर्दळ, रात्रीचे दिवे, फिरायला येणारी माणसे आणि त्यांची कुत्री यांमुळे शेजारचा न बुजवलेला चिखलही बुजऱ्या पक्ष्यासाठी गेल्यातच जमा होतो. भरपाई म्हणून दुसरीकडे झाडे लावता येतात. भरती-ओहोटीने शतकानुशतके घडवलेला चिखलपट्टा मात्र कंत्राट देऊन तयार होत नाही.

विरोधाची सुरुवात गावातूनच झाली. रेडलँड्स २०३० सारख्या स्थानिक गटांनी कागदपत्रे खणून काढली, बंदरालगतच्या जी. जे. वॉल्टर उद्यानात कोआला राहतात, त्यांच्यासाठीही माणसे पुढे आली. नंतर बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया आणि ऑस्ट्रेलियन कॉन्झर्वेशन फाउंडेशन या देशव्यापी संस्था उतरल्या. राज्याने मन आधीच बनवले होते आणि २०१५ मध्ये सत्ता बदलूनही ते बदलले नाही. त्यामुळे लढाई केंद्राच्या १९९९ च्या पर्यावरण कायद्यावर येऊन ठेपली. त्या कायद्यानुसार रामसर जागा आणि स्थलांतरित पक्षी यांची जबाबदारी केंद्र सरकारची आहे. विकासकाचे सुरुवातीचे अर्ज मागे घेतले गेले. तिसऱ्या अर्जावर जुलै २०१८ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जॉश फ्रायडेनबर्ग यांनी प्रकल्प पुढच्या मूल्यमापनाला पाठवला. त्यांच्याच खात्याने हा प्रकल्प उघडपणे अस्वीकार्य असल्याचा सल्ला दिला होता, हे माहितीच्या अधिकारात मिळालेल्या कागदांतून नंतर बाहेर आले. त्याच वेळी नकार दिला असता तर पुढची जवळपास सहा वर्षे वाचली असती.

२०२२ च्या अखेरीस विकासकाच्या पर्यावरणीय आघात अहवालाचा मसुदा लोकांपुढे आला. त्यावर २६ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य विरोधी होत्या. आपल्याकडच्या जनसुनावण्यांत मंडपात मोजकी माणसे, पुढे पोलीस आणि मराठीत न आलेला अहवाल हे चित्र ओळखीचे आहे. त्यापुढे हा आकडा मोठा वाटतो. तरीही निर्णय नुसत्या संख्येवर झाला नाही. हरकतींत पक्षीगणनेच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या आणि त्या नाकारता येण्यासारख्या नव्हत्या. हौशी पक्षीनिरीक्षकांनी पिढीजात चिकाटीने ठेवलेल्या वह्या अशा वेळी वकिलापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

एप्रिल २०२४ मध्ये पर्यावरणमंत्री तान्या प्लिबरसेक यांनी प्रकल्प नाकारण्याचा आपला इरादा जाहीर केला. पाणथळ क्षेत्रावर आणि ईस्टर्न कर्ल्यूवर होणारा परिणाम स्वीकारता येण्यासारखा नाही, हे त्याचे कारण होते. कायद्याप्रमाणे उत्तर देण्यासाठी विकासकाला दहा कामकाजाचे दिवस मिळाले. ती मुदत पुरी होण्याआधीच कंपनीने अर्ज मागे घेतला. म्हणजे अंतिम नकाराचा आदेश निघालाच नाही.

आपल्याकडे गोव्यात जुवारी नदीच्या काठी, बांबोळीजवळच्या नावशीत मरीना उभारण्याच्या प्रस्तावालाही मच्छीमार आणि ग्रामस्थांनी विरोध केला आहे. पलीकडच्या तीरावर चिखलीचा उपसागर आहे. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांत ज्यांची तावदाने बसवत, ते पारदर्शक शिंपले अजूनही तिथल्या चिखलात वाढतात. नदीचे पात्र मोठे आहे, मरीनाला लागणारी जागा लहान आहे, हे तिथेही सांगता येईल. पण शिंपला जागा बदलत नाही आणि मच्छीमाराच्या जाळ्याची जागाही नकाशातल्या टक्केवारीने ठरत नाही.

टूंडात फेरीबोटी अजून सुटतात. बेटावरच्या लोकांना चांगला धक्का आणि पुरेसा वाहनतळ हवा आहे, हेही खरेच आहे. फक्त धक्क्यापुरता आराखडा करायचा तर त्याचा पैसा सरकारी तिजोरीतून द्यावा लागेल, आणि त्यातही चिखलात भराव आला तर तो अर्ज पुन्हा त्याच केंद्रीय कायद्याखाली तपासला जाईल.