घासलेल्या तांदळाचा भाव

गोडादऱ्यात बसून मद्यावर लिहिणे म्हणजे धाडसच. गुजरातेत राज्याच्या जन्मापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. परंतु येथील एका भगिनीचा मुलगा नोकरीनिमित्त जपानात असतो. तेथील यजमानांस त्याला ‘साके’ भेट द्यावयाची आहे आणि खिसा बेताचा. म्हणून तिने आम्हांस विचारले. आम्ही स्वतः ते चाखलेले नाही, हे आधीच सांगतो.

साके हे तांदळाचे मद्य. आंबवण्यापूर्वी तांदूळ घासतात आणि दाण्याचा किती हिस्सा उरला तो आकडा बाटलीवर छापतात. ‘गिंजो’त तो ६० टक्के किंवा कमी, ‘दाइगिंजो’त ५० किंवा कमी. निम्मा दाणा भुकटी होऊन गेल्यावर भाव चढणारच! हातसडीच्या तांदळाची गोडी जाणणाऱ्या आमच्या खानदेशी सुगरणींना हा व्यवहार रुचणार नाही.

तथापि अधिक घासलेले ते अधिक सरस, असे नव्हे. घासण्याने फळासारखा सुगंध येतो, धान्याची चव मात्र उणावते. ‘जुन्माई’ म्हणजे वरून मद्यार्क न मिसळलेले. भेटीस ‘जुन्माई गिंजो’ शोभते आणि दाइगिंजोहून सहसा स्वस्त पडते. ७२० मिलिलिटरची बाटली पुरे. भरल्याचा महिना छापलेला असल्यास वर्षाच्या आतली घ्यावी. सुरतेस येताना मात्र चिरंजीवांनी पेटीत एकही ठेवू नये.