‘निवड झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

संगमनेरहून आमच्या गावाकडे वळताना चौकात बाराही महिने फ्लेक्स असतात. पुढाऱ्याचा वाढदिवस, कुणाची दशक्रिया, कुणाची पीएसआयपदी निवड. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या फ्लेक्सची भर पडलीय. ब्लेझर घातलेला पोरगा, मागे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, कोपऱ्यात विमान आणि खाली ठळक अक्षरांत: ‘उच्च शिक्षणासाठी अमेरिका येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’

पीएसआयच्या फ्लेक्सवरची ‘निवड’ मला समजते. परीक्षा झाली, हजारोंमधून काही घेतले, बाकीचे राहिले. या दुसऱ्या फ्लेक्सवरची निवड कोणी केली, कोणाची केली आणि पैसे कोणी भरले, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं भांडण त्या पोराशी नाही. या न विचारण्याशी आहे.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या चुलतभावाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. “दादा, एसओपी पाठवलीय. एकदा बघ ना, उद्या काउन्सेलरला फायनल द्यायचीय.” उघडली. पहिलंच वाक्य असं, की लहानपणी घरातला जुना रेडिओ उघडून बघताना त्याला तंत्रज्ञानाचं वेड लागलं.

आमच्या घरात रेडिओ नव्हता. एकत्र कुटुंब होतं, मी त्याच घरात वाढलो, म्हणून खात्रीने सांगतो. रेडिओ नव्हता हे मला आणखी एका कारणाने पक्कं आठवतं. 2020 साली माझ्या एसओपीतही तोच रेडिओ होता.

माझा रेडिओ

2019 ला मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून बाहेर पडलो आणि पुण्यात नोकरीला लागलो. वर्षभरात रूमवरचे निम्मे जण ‘एमएस’ची तयारी करत होते, म्हणून मीही करायला लागलो. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं. एका कन्सल्टन्सीत गेलो. त्यांनी मार्क विचारले, बजेट विचारलं आणि पंधरा मिनिटांत आठ विद्यापीठांची यादी हातात दिली. काय शिकायचंय, हे विचारलं नाही. मलाही ते खटकलं नाही, कारण त्याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

एसओपी त्यांनी लिहिली. शिफारसपत्रं मी स्वतः लिहिली आणि सरांनी न वाचता सही केली. हा प्रकार आपल्याकडे इतका रुळलाय की त्यात काही चूक आहे असंही वाटत नाही. पाचपैकी तीन ठिकाणांहून ‘अ‍ॅडमिट’ आले. घरी पेढे वाटले. त्या तीनपैकी एकाही विभागातल्या एकाही प्राध्यापकाचं नाव मला सांगता आलं नसतं.

आप्पांनी रस्त्यालगतचे वीस गुंठे विकायला काढले. गिऱ्हाईक ठरलं, इसाराची बोलणी झाली. मला शहाणपण सुचलं म्हणून मी थांबलो, असं लिहायला आवडलं असतं. पण ते खरं नाही. 2021 ची दुसरी लाट आली, व्हिसाच्या तारखा मिळेनात, आप्पा आजारी पडले आणि व्यवहार बारगळला. भरलेलं डिपॉझिट गेलं. वीस गुंठे राहिले. आज तिथे डाळिंब आहे.

पैसे कोण कोणाला देतं?

‘आम्ही विद्यार्थ्याकडून एक रुपयाही घेत नाही’ ही पाटी बघितलीय ना? मग ते ऑफिस, तो एसी, त्या काउन्सेलर मॅडम कोणाच्या पैशावर चालतात? परदेशातली अनेक विद्यापीठं विद्यार्थी पाठवणाऱ्या एजंटला कमिशन देतात, बहुतेकदा पहिल्या वर्षाच्या फीवर. कांदा मार्केटमध्ये आडत्या कोणाचा माणूस असतो, हे आपल्या घरात लहान पोरालाही कळतं. इथे मात्र आपण आडत्यालाच विचारतो की माल कुठे नेऊ, आणि तो सांगेल त्या गाडीत जाऊन बसतो.

एकदा हे कळलं की यादीत काय नसतं तेही दिसायला लागतं. अमेरिकेत बीई नंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या चांगल्या पीएचडीत सहसा फी माफ असते आणि वर पगारासारखी रक्कम मिळते. आपल्या किती पोरांना हे कन्सल्टन्सीत कळलं? जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. वर्षाच्या खर्चापोटी 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात आणि एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे गेट देऊन आयआयटीत एमटेक केलं तर महिना 12,400 रुपये विद्यावेतन आहे. या तिन्ही वाटा अवघड आहेत, सगळ्यांना जमणार नाहीत. पण त्या यादीत नसतात त्या अवघड आहेत म्हणून नाही. आडत मिळत नाही म्हणून.

घाई कशी करतात तेही बघा. ‘चार दिवसांत डिपॉझिट भरा, सीट जाईल.’ अमेरिकेतल्या शेकडो विद्यापीठांनी मिळून मान्य केलेला एक ठराव आहे. त्यानुसार आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशावर 15 एप्रिलच्या आत निर्णय द्यायची सक्ती करता येत नाही. म्हणजे विद्यापीठ ज्याला पैसे देतं, त्याला विचार करायला वेळ मिळतो. जो विद्यापीठाला पैसे देतो, त्याच्यामागे घाई लावतात. आपली निवड झालीय की आपण गिऱ्हाईक आहोत, हे एवढ्यावरूनही ओळखता येतं.

सातबारा आणि हप्ता

आता कर्ज. शेतकऱ्याच्या घरात पोरगा म्हणतो, ‘एज्युकेशन लोन काढू.’ बँकेत गेल्यावर कळतं की साडेसात लाखांच्या वर सरकारी बँकेला सहसा तारण लागतं आणि शेतजमीन तारण म्हणून चालत नाही. कारण सरळ आहे. 2002 च्या सरफेसी कायद्याखाली थकलेल्या कर्जासाठी बँक फ्लॅट जप्त करू शकते, शेतजमिनीला तो कायदा लागू नाही. शेतकऱ्याला वाचवणारी ही तरतूद त्याच्याच पोराला परत पाठवते. पुण्यात फ्लॅट असलेल्याच्या मुलाला सरकारी बँकेचं स्वस्त कर्ज मिळतं. पाच एकर बागायत असलेल्याचा मुलगा बिनतारण, जास्त व्याजाच्या खासगी वित्त कंपनीकडे जातो, नाहीतर बाप जमीनच विकतो.

हिशेब मांडू. चाळीस लाख, 12 टक्के व्याज. दोन वर्षं शिक्षण आणि पुढचे सहा महिने हप्ता नाही, पण व्याज चालूच. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरलं तर अडीच वर्षांत सरळव्याजानेच 12 लाख चढतात. टप्प्याटप्प्याने उचलली तर थोडे कमी. 52 लाखांवर दहा वर्षांचा हप्ता महिना साधारण 74,600 रुपये. डॉलरमध्ये पगार असेल तर हा आकडा सुसह्य आहे. रुपयात असेल तर नाही. म्हणजे सगळा डाव तिथे नोकरी मिळून ती टिकण्यावर.

आणि ती गोष्ट पोराच्या हातात नाही. अमेरिकेत स्टेम शाखांना शिक्षणानंतर कामाची मुभा एकूण तीन वर्षं. पुढे एच-वन-बी, म्हणजे वर्षाला 65,000 आणि तिथल्या पदव्युत्तरांसाठी आणखी 20,000. मागणारे याच्या कितीतरी पट, म्हणून सोडत. 2025 च्या मे महिन्यात विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या गेल्या. सप्टेंबरमध्ये एच-वन-बीच्या नव्या अर्जांसाठी एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. ब्रिटनने शिक्षणानंतरच्या मुक्कामाची दोन वर्षांची मुदत 2027 पासून दीड वर्षावर आणायचं ठरवलंय. नियम बदलायला तिकडे एक सही लागते. इकडे विकलेली जमीन मात्र परत मिळत नाही.

जामखेडचे दोन डॉक्टर

“मग काय, परदेशी जाऊच नये का?” असं कुणी म्हणेल, म्हणून आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो.

रजनीकांत आणि मेबल आरोळे. दोघे वेल्लोरला शिकलेले डॉक्टर. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये त्यांनी काही वर्षं काम केलं. तिथे त्यांना एक गोष्ट सलू लागली. पेशंट बरा होऊन गावी जातो आणि तोच आजार घेऊन परत येतो. आजार पाण्यात, उपासमारीत, बाळंतपणाच्या रूढींत होते, आणि हॉस्पिटल त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. हा प्रश्न घेऊन 1966 मध्ये दोघे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. रेसिडेन्सी केली आणि नंतर जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स. गावांसाठी काय उभं करायचं याचा आराखडा त्यांनी तिथेच, शिकता शिकता तयार केला. 1970 मध्ये ते जामखेडला आले. ज्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं, अशा गावातल्याच बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज जगभरातले लोक हे काम शिकायला जामखेडला येतात.

‘परदेशी शिकून गावाकडे परतले, तुम्हीही परता’ असा उपदेश मला करायचा नाही. तिकडेच राहिलात तरी माझी हरकत नाही. मला त्यांचा क्रम दाखवायचाय. आधी प्रश्न, मग तो प्रश्न सोडवायला शिकवणारा विभाग, मग अर्ज. आपण बरोबर उलट चालतो. आधी देश, मग रँकिंग, मग अर्ज आणि शेवटी रेडिओ.

आणखी एक फरक आहे. आरोळ्यांच्या शिक्षणामागे शिष्यवृत्ती होती. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर. मुदत संपली म्हणून 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. 1920 मध्ये साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते परत गेले. शंभर वर्षांपूर्वी संस्थानिकांना जे करावंसं वाटलं, ते आज अपुरं पडतंय. 2025 मध्ये केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीसाठी 106 जण निवडले गेले, आणि सुरुवातीला निधीअभावी 40 जणांनाच पत्रं मिळाली. राजर्षी शाहूंच्या नावाची राज्याची योजना आहे. ती आपल्या तालुक्यातल्या किती कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर लागते? त्याच बोर्डाखाली कन्सल्टन्सीचा सेमिनार मात्र दरवर्षी होतो, चहा-बिस्किटांसकट.

“तुझं बरं आहे”

हा आक्षेप मला माहितीय. “तू पुण्यात पगार घेतोस आणि आम्हाला थांब म्हणतोस.” आक्षेप रास्त आहे. ज्याच्या घरात कोणी परदेशी गेलेलं नाही, कॉलेजात विचारावं असं कोणी नाही, तो एजंटकडे जाणारच. मीही गेलो. गावातून, भावकीतून, ‘लग्न कधी’ या प्रश्नातून सुटायला कुणाला अमेरिका हवी असेल, तर तेही मला कळतं. फक्त ते कारण असेल तर ते स्वतःशी मान्य करा आणि त्याची किंमत बापाला खरी सांगा.

बाकी गोष्टी फुकट आहेत आणि मोबाईलवर होतात. विभागाच्या पानावर जा, कोण काय संशोधन करतं ते वाचा. तिथे शिकलेल्या दोन मराठी पोरांना लिंक्डइनवर विचारा, ‘नोकरी लागली का?’ नको, ‘वर्गातल्या किती जणांना लागली?’ असं विचारा. अर्जाची फी माफ होते का, ते विद्यापीठाला मेल करून विचारा, अनेक ठिकाणी होते. शिफारसपत्र त्याच सरांकडून घ्या, ज्यांना तुमचा प्रोजेक्ट आठवतो. आणि ‘दोन वर्षांत काय शिकायचंय’ याचं उत्तर तीन ओळींत मराठीत लिहा. लिहिता आलं नाही तर यंदा अर्ज करू नका. वर्ष वाया जात नाही. माझी पाच गेली, तरी मी लिहितोय.

चुलतभावाला मी फोन केला. म्हणालो, “रेडिओ काढ. तुझा लास्ट इयरचा प्रोजेक्ट कुठे गेला?” त्याने कांदा चाळीत आर्द्रता आणि तापमान मोजणारे सेन्सर बसवले होते. कांदा सडायला लागायच्या आधी मेसेज यावा म्हणून. आमच्याच चाळीत बसवले होते. दोनदा उंदरांनी वायर कुरतडली, तिसऱ्यांदा चालले.

“काउन्सेलर मॅडमनी काढायला लावला,” तो म्हणाला. “फार लोकल वाटतं म्हणे.”

काढणीनंतरच्या साठवणुकीवर नेदरलँड्समध्ये वागेनिंगेनला आणि कॅलिफोर्नियात डेव्हिसला काम चालतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कांदा-लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था राजगुरुनगरला आहे, पुण्याहून घरी येताना तो ज्या रस्त्याने येतो त्याच रस्त्यावर. तीही त्याच्या यादीत नव्हती.

परवा त्याने नवा मसुदा पाठवला. इंग्रजी थोडं अडखळतं, पण उंदरांनी कुरतडलेल्या वायरी त्यात आहेत. कन्सल्टन्सीचं डिपॉझिट अजून भरलेलं नाही. चुलते रोज विचारतात, ‘त्याचं काय ठरलं?’ मी सांगतो, अजून ठरतंय. फ्लेक्सवाल्याला मात्र थांबायला सांगितलंय.