ईसीयूच्या सत्यवचनाचे कैवारी

मॉडिफाय केलेल्या छोट्या गाडीला पिगीबॅक चिप लावणं हे पाप आहे, असं मानणारा एक पंथ आपल्याकडे सध्या जोरात आहे. पंथाचं तत्त्वज्ञान चार वाक्यांत आटोपतं. पिगीबॅक ही वरून जोडलेली डबी ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, फसवते. फसवलेलं इंजिन आज ना उद्या बसतं. खरं ट्यूनिंग म्हणजे रिमॅप, नाहीतर सरळ स्टँडअलोन ईसीयू. आणि ज्याच्या खिशात तेवढा पैसा नाही, त्यानं गाडीला हातच लावू नये. हे चौथं वाक्य सहसा मनातल्या मनात म्हटलं जातं, पण चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतं. पंथातल्या एका विद्वानांचं निरूपण नुकतंच कानावर पडलं. ‘खोटारडी डबी’ असा त्यांनी पिगीबॅकचा उद्धार केला आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या. म्हणून हा खटाटोप.

आधी एक मान्य करून टाकतो, म्हणजे वेळ वाचेल. ओबीडीच्या तोंडात खोचायची, दिवे मिचकावणारी आणि ‘पिकअपही वाढवा, मायलेजही वाढवा’ म्हणणारी जी स्वस्त डबी मिळते, ती दिवे मिचकावण्यापलीकडे काही करत नाही. हवेच्या तापमानाच्या सेन्सरला एक रेझिस्टर जोडून ‘परफॉर्मन्स चिप’ म्हणून विकणारे तर त्याहून थोर. ईसीयूला वाटतं हवा गार आहे, तो पेट्रोल वाढवतो आणि गिऱ्हाईक खूश. या मालाबद्दल विद्वान जे बोलले त्यावर माझी सही घ्या. पण तोच फटका त्यांनी खऱ्या, मॅप करता येणाऱ्या पिगीबॅकलाही हाणला, तिथे भांडण सुरू होतं.

उदाहरण मारुती झेनचं घेऊ. एमपीएफआय, ९९३ सीसी, सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाची सुमारे ६० अश्वशक्ती. २००६ साली तिचं उत्पादन थांबलं, तरी हौशी पोरांच्या घरांसमोर ती अजून उभी दिसते. पोरगा तिला हेडर बसवतो, फ्री-फ्लो सायलेन्सर लावतो, एअर फिल्टर बदलतो. हात सैल असेल तर कॅमशाफ्टही बदलून घेतो. आता इंजिन वरच्या आरपीएमला पूर्वीपेक्षा जास्त हवा ओढू लागतं. असल्या गाडीचा ईसीयू हवा थेट मोजत नाही. मॅनिफोल्डमधला दाब आणि आरपीएम बघून, कंपनीनं भरून दिलेल्या कोष्टकावरून तो हवेचा अंदाज बांधतो. ते कोष्टक जुन्या सायलेन्सरचं, जुन्या कॅमचं. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक सांभाळून घेतो, मिश्रण १४.७ ला १ च्या आसपास ठेवतो. पण खंबाटकी घाट चढताना ॲक्सिलरेटर पुरता दाबला की ईसीयू त्या सेन्सरकडे बघणं सोडून निव्वळ कोष्टकावर चालतो. हवा जास्त, पेट्रोल जुन्या हिशोबाचं. मिश्रण पातळ, तापमान वर, आणि पाठोपाठ नॉकिंग.

मग ईसीयूला खोटं सांगितलं कोणी? पिगीबॅक अजून डब्यातून बाहेरही आलेली नाही. ज्या दिवशी हेडर बसला त्याच दिवशी कोष्टक खोटं पडलं. पिगीबॅक त्या जुन्या अंदाजाला आजच्या इंजिनाची दुरुस्ती जोडते. विद्वानांना हेडर चालतो, कॅम चालतो, सायलेन्सरचा आवाज तर फारच चालतो. या सगळ्यानंतर ईसीयूचा हिशोब सुधारायला कोणी गेला की मात्र त्यांना एकाएकी सत्याची आठवण होते.

बरं, मूळ ईसीयूच्या आणि इंजिनाच्या मध्ये दुसरा मेंदू बसवणं एवढं घातक असेल, तर विद्वानांनी एकदा पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही सीएनजी पंपावरच्या रांगेत उभं राहून हेच प्रवचन द्यावं. त्या रांगेतल्या बाहेरून सिक्वेन्शियल किट बसवलेल्या प्रत्येक पेट्रोल गाडीत एक पिगीबॅक आहे. किटचा स्वतःचा ईसीयू असतो. मूळ ईसीयू पेट्रोल इंजेक्टरला जो पल्स पाठवतो, तो हा मधेच पकडतो. पल्स किती लांब आहे ते मोजतो, गॅसचा दाब आणि तापमान बघून त्याला आपल्या मॅपमधल्या आकड्यानं गुणतो आणि तेवढा वेळ गॅसचे इंजेक्टर उघडतो. पेट्रोलचे इंजेक्टर या काळात गप्प असतात. ते गप्प आहेत हे मूळ ईसीयूला कळलं तर तो चेक इंजिनचा दिवा लावेल, म्हणून एमुलेटर नावाची एक सोय त्याला भासवत राहते की इंजेक्टर जागेवर आहेत, चालू आहेत, सगळं ठीक आहे. यापेक्षा घाऊक खोटं कुठल्या ट्यूनिंगवाल्या पोरानं बोललंय? इतक्यावर हे थांबत नाही. मिथेन पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी पडावी लागते. त्यासाठी पुष्कळ गाड्यांत टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर नावाची आणखी एक डबी क्रँक सेन्सरच्या वायरमध्ये बसते आणि क्रँक कुठे आहे याबद्दलही ईसीयूला वेगळंच काही सांगते. ही सगळी लबाडी आरटीओच्या संमतीनं चालते, आरसी बुकात तिची नोंद होते, सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट होते आणि गाडी टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर पळते. कंपनीतून येणाऱ्या सीएनजी गाड्यांतसुद्धा एकमेकांशी बोलणारे दोन ईसीयू असल्याची जाहिरात झाली, ती अभिमानानं झाली. तिथे कोणी ‘खोटारडी डबी’ म्हटल्याचं ऐकिवात नाही. पैसे वाचवण्यासाठी ईसीयूशी बोललेलं खोटं व्यवहार ठरतं. चढावर इंजिन तापू नये म्हणून बोललेलं तेवढं पाप.

याला एक जुना इतिहास आहे. २००० च्या सुमारास एमपीएफआय आलं तेव्हा याच पंथाचे काका-मामा कार्ब्युरेटरच्या बाजूनं असेच लढत होते. ‘जेट बदला, स्क्रू फिरवा, प्लगचा रंग बघा, संपलं, या कॉम्प्युटरला कोण हात लावणार?’ असा त्यांचा सवाल असे. त्यांच्या आधीच्या पिढीनं कॉन्टॅक्ट पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं तेव्हा हाच सूर लावला होता. गंमत म्हणजे ज्या ईसीयूला त्या काळी ‘काळी पेटी’ म्हणून शिव्या पडल्या, त्याच्याच पावित्र्यासाठी आज पुतणे गळा काढतायत. जे काल आलं ते भ्रष्ट आणि जे परवा आलं ते सनातन, हा हिशोब गॅरेजमध्येही चालतो हे बघून बरं वाटलं.

विद्वानांचा एक मुद्दा मात्र खरा होता, आणि तोच त्यांनी घाईनं उरकला. हवेचा सिग्नल बदलणाऱ्या पिगीबॅकमुळे टायमिंग बिघडतं. बरोबर. सेन्सरचा आकडा कमी दाखवून पेट्रोल कमी केलं, तर ईसीयूला वाटतं इंजिनावर भार कमी आहे आणि तो ठिणगी आधी टाकतो, नॉकिंगला आमंत्रण. अपेक्सीच्या एसएएफसीसारख्या जुन्या जपानी उपकरणांची ही मर्यादा जगजाहीर आहे. पण इंजेक्टरचा पल्सच लांबवणाऱ्या पिगीबॅकला हा दोष लागत नाही, कारण भाराचा आकडा ती बदलतच नाही. आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या युनिचिपसारख्या पिगीबॅक टायमिंगही स्वतंत्रपणे पुढे-मागे करतात. ही माहिती गुपित नाही.

आता रिमॅप, म्हणजे मूळ ईसीयूतच नवा मॅप लिहिणं. आधुनिक टर्बो गाडीला रिमॅपच करावा, वाद नाही. पण आपल्याकडे ओबीडी सक्तीचं होत गेलं ते २०१० पासून, बीएस-४ बरोबर, टप्प्याटप्प्यानं. त्याआधीच्या कित्येक ईसीयूंमध्ये बाहेरून नवा मॅप लिहिण्याची सोयच नाही. आणि जिथे आहे तिथे काय चालतं? लॅपटॉप बॉनेटवर, परदेशातून विकत आणलेली ‘स्टेज वन’ फाइल, अर्ध्या तासात काम फत्ते. गाडीला कुठला हेडर आहे हे विचारायचीसुद्धा तसदी नाही. रेडिमेड सदरा अंगावर चढवून शिंप्याची मजुरी घेण्याचा हा प्रकार.

वॉरंटी जाईल म्हणता? वीस वर्षांच्या झेनची? कायद्याचं म्हणाल, तर गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल उघडून वाचा. त्यात पिगीबॅक अशुद्ध आणि रिमॅप शुद्ध असा सोवळेपणा मला तरी कुठे दिसला नाही; कात्री बसायचीच तर दोघांनाही बसेल. पीयूसीवाला आयडलिंगला नळी लावतो, त्याला दोन्हींचा पत्ता लागत नाही. हे काही भूषण नव्हे.

राहिला स्टँडअलोन, म्हणजे मूळ ईसीयू काढून त्या जागी नवाच बसवणं. शर्यतीची गाडी असेल तर खुशाल बसवा. रस्त्यावरच्या गाडीत तो बसवलात की महाबळेश्वरच्या थंडीत पहिल्या सेल्फला इंजिन सुरू होणं, एसी लावल्यावर आयडलिंग सावरणं, रेडिएटरचा पंखा वेळेवर लागणं, हे सगळं तुमचं तुम्हाला नव्यानं मॅप करावं लागतं. सुझुकीच्या इंजिनियरांनी ते एकदा नीट करून ठेवलंय. ते ठेवावं आणि जेवढं आपण बदललं तेवढ्याच भागाचा हिशोब दुरुस्त करावा, हीच पिगीबॅकची बाजू. ती फार लांबवण्याची मला गरज वाटत नाही.

फक्त बसवणाऱ्यानं काही पथ्यं पाळावीत. आधी प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन तपासून घ्यावं. ऑक्सिजन सेन्सर जिथे काम करतो त्या भागात दुरुस्ती शून्य ठेवावी. नाहीतर ईसीयू ती पुसत राहतो आणि पुसताना शिकलेलं भलतीकडे वापरतो. पूर्ण थ्रॉटलला वाइडबँड सेन्सर लावून, डायनोवर, साडेबारा-तेराला १ असं मिश्रण साधेपर्यंत मॅप करावा. वाढ दोन-चार अश्वशक्तीची मिळाली तर समाधान मानावं; पंचवीस टक्के सांगणाऱ्याच्या दुकानातून निघून यावं. आणि जोडण्या कपलरच्या किंवा सोल्डर करून हीट-श्रिंक चढवलेल्या असाव्यात. वायर सोलून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली पिगीबॅक पहिल्या पावसात मिसिंग देते आणि मग विद्वानांना निरूपणाला विषय मिळतो.