ड्रम नातवाचा, छत शेजाऱ्यांचे



मुलाकडे सिंगापूरला तीन महिने राहून आलो. तेथील बहुतेकांप्रमाणे तोही सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या, उंच इमारतीत राहतो. तेरा वर्षांच्या नातवाला ड्रमचे वेड. खऱ्या ड्रमचा आवाज सहज 100 डेसिबलवर जातो, म्हणून त्याला इलेक्ट्रॉनिक ड्रम घेऊन दिला. आवाज हेडफोनमध्ये, घरात नुसती टकटक.

एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या चिनी आजीबाई आल्या. मी म्हणालो, "आमच्याकडे तर आवाजच नाही!" त्यांनी वाद न घालता मला खाली नेले. नवरा अंथरुणाला खिळलेला, नुकता डोळा लागलेला. आणि छतातून धप्, धप्! पायाच्या पेडलचा हादरा लादीतून थेट खाली उतरतो, हेडफोन त्याला अडवत नाही. मी शरमलो.

मुलगा म्हणाला, ड्रम विकून टाकू. मला ते पटले नाही. वाजवण्याने हातापायांचा मेळ बसतो, मन रमते. आम्ही दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून पाट केला, त्यावर ड्रम ठेवला. हादरा बराच कमी झाला. हाताचा सराव रबरी पॅडवर. पेडल मात्र आजीबाईंनी सांगितलेल्या तासातच. तेथील सल्लागार समितीने 2022 मध्ये रात्री 10 ते सकाळी 8 शांतता पाळावी असे सुचवले आहे. पण आजाऱ्याची झोप घड्याळ पाहून येत नाही. ती विचारूनच कळते.

आता नातवाच्या कानांविषयी. तज्ज्ञांच्या हिशेबाने 85 डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात फक्त 15 मिनिटे. हेडफोनचा आवाज वाढवला की शेजारी वाचतो, मूल बहिरे होते. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. माझे श्रवणयंत्र त्याची साक्ष आहे. सरावानंतर कानात गुणगुण झाली तर आवाज जास्त होता, असे समजावे.

आपल्याकडे मेंदीच्या रात्री ढोलकी घुमायची, पण शेजारी आमंत्रणाने आलेले असत. आज ते भिंतीपलीकडे एकटे असतात. म्हणून माझे सांगणे एवढेच: कोणी तक्रार घेऊन आले, तर उत्तर देण्याआधी पाच मिनिटे त्यांच्या घरात जाऊन बसा.