नोंद नाही, म्हणून मृत्यूही नाही काय?

3 सप्टेंबर 2025 रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा 115 तासांवरून 144 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास तर कायमच आहेत, असे सांगून मालकवर्गाचे कैवारी कामगारांची समजूत घालतात. साधा हिशेब करू या. तिमाहीचे आठवडे 13. जादा कामाचे 144 तास त्यांत विभागले, तर आठवड्याला 11 तास येतात. 48 अधिक 11 म्हणजे 59. जुन्या मर्यादेतही ही बेरीज जवळजवळ 57 होत होती. जखम जुनीच आहे. सरकारने ती अधिक खोल करावयाचे ठरविले आहे.

या 59 च्या आकड्याचा अर्थ काय? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 17 मे 2021 रोजी संयुक्त अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 वा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे 17 टक्क्यांनी अधिक असतो. अशा दीर्घ श्रमापायी 2016 या एका वर्षात जगभर 7 लाख 45 हजार माणसे मेली. त्यांपैकी 3 लाख 98 हजार पक्षाघाताने, तर 3 लाख 47 हजार हृदयविकाराने. हे प्रमाण 2000 सालच्या तुलनेत 29 टक्क्यांनी वाढलेले होते. धोक्याची रेषा 55 वर आहे आणि आमचा कायदा कामगाराला तिच्या पलीकडे नेऊन उभा करू पाहतो!

यावर भांडवली पंडितांचा ठरलेला आक्षेप असा की, हे जगाचे अंदाज झाले. आपल्या देशातील पुरावा कोठे आहे? प्रश्न रास्त आहे. परंतु पुरावा का नाही, हे विचारताच पंडितांची वाचा बसते.

12 तासांचे विधेयक तमिळनाडूतही आले होते, म्हणून तेथीलच उदाहरण घेऊ. तंजावूर जिल्ह्यात, कुंभकोणमजवळ, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात तिरुनीलक्कुडी नावाचे गाव आहे. समजा, तेथील एखादा शेतमजूर भर उन्हात रोपे लावता लावता छातीवर हात ठेवून कोसळला. मृत्यूची नोंद ग्राम प्रशासन अधिकारी करील. नोंदीच्या नमुन्यात मृताच्या व्यवसायाचा रकाना आहे. त्यात एक शब्द पडेल. तो किती तास राबत होता, किती उष्म्यात राबत होता, हे विचारणारा रकानाच नाही. डॉक्टरने पाहिलेच नसेल, तर मृत्यूचे कारण नातेवाईक सांगतील ते. 2020 साली देशभरात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. त्या प्रमाणित मृत्यूंतही सुमारे 32 टक्के रक्ताभिसरण संस्थेच्या विकारांचे होते. या मृतांपैकी हमाल किती, ट्रकचालक किती, रात्रपाळीचे कामगार किती? ज्या राज्ययंत्रणेला कराची पै न् पै मोजता येते, तिला हे मोजता येत नाही, यावर कोणी विश्वास ठेवावा?

नोंदीच्या या अभावाची किंमत कामगाराची विधवा मोजते. नुकसानभरपाईच्या कायद्याखाली मृत्यूचा कामाशी कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो. वाहनावरील एका मदतनिसाच्या हृदयविकाराने झालेल्या मृत्यूच्या प्रकरणी 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने, केवळ कामावर असताना मृत्यू आला एवढे पुरेसे नाही, असे ठरवून भरपाई नाकारली. 2012 साली त्याच न्यायालयाने, दिल्लीहून हजाराहून अधिक किलोमीटर ट्रक हाकून वाटेत प्राण सोडलेल्या चालकाच्या बाबतीत श्रमाचा ताण मान्य केला. प्रत्येक कुटुंबाने एकाकी लढावे, पुरावा त्यानेच आणावा आणि हजेरीची पुस्तके मात्र मालकाच्या कपाटात राहावीत, असा हा न्याय आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितेतील 29 अधिसूचित रोगांच्या यादीत सिलिकोसिस आहे, शिशाची विषबाधा आहे. हृदयविकार व पक्षाघात नाहीत.

अशी माहिती गोळा करणे अशक्य आहे काय? मुळीच नाही. वेल्समधील फ्लिंटशायर येथील रेयॉन कामगारांत हृदयविकाराचे मृत्यू अधिक आहेत, हे टिलर, शिलिंग व मॉरिस यांनी 1968 साली दाखविले, ते स्थानिक मृत्युनोंदी व्यवसायानुसार तपासून. कार्बन डायसल्फाइडकडे बोट दाखविणारा पुरावा त्या जुन्या वह्यांतच पडून होता. जपानमध्ये अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला ‘कारोशी’ हे नाव मिळाले. मृतांची कुटुंबे व वकील यांच्या दीर्घ लढ्यानंतर 2014 साली प्रतिबंधक कायदा झाला आणि सरकारला दरवर्षी त्याविषयीचा अहवाल मांडणे भाग पडले. आणि मार्क्स! 1863 साली लंडनमध्ये साडेसव्वीस तास सलग शिवणकाम करून मेलेल्या मेरी ॲन वॉकली या वीस वर्षांच्या मुलीची हकीकत त्याने ‘कॅपिटल’मध्ये नोंदविली आहे. पंचांनी मृत्यूचे कारण मेंदूचा झटका असे दिले. अतिश्रमाची केवळ शंका व्यक्त केली. एकशे साठ वर्षे लोटली, तरी आमच्या मृत्युपत्रिकेवर ती शंकासुद्धा उमटत नाही!

यास्तव आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मृत्यूच्या कारणांची आकडेवारी व्यवसायानुसार प्रसिद्ध करा. दीर्घ तास व रात्रपाळी यांच्याशी निगडित हृदयविकार आणि पक्षाघात अधिसूचित रोगांच्या यादीत घाला. कामावरील अशा मृत्यूत कामाचा संबंध नव्हता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाका. तोवर कामाचा एक तासही वाढविता कामा नये.

परंतु सरकारची वाट पाहत बसणे ही कामगार चळवळीची परंपरा नव्हे. प्रत्येक युनियनने आजच एक वही घालावी. सभासद मेला की नाव, वय, खाते, पाळी, मागील महिन्यातील तास आणि डॉक्टरचा दाखला तीत उतरवावा. तमिळनाडूत एप्रिल 2023 मध्ये संमत झालेले 12 तासांचे विधेयक कामगार संघटनांच्या विरोधापुढे 1 मे रोजी मागे घेतले गेले. जे तेथे घडले, ते महाराष्ट्रातही घडवता येईल. मात्र मोर्चात घोषणांच्या फलकांबरोबर ही वहीही पुढे असली पाहिजे!